पाच बाटल्या आणि एक बुधला

वऱ्हाडातून परत येऊन आता वर्ष होत आलं, तरी माहीमला आमच्या दारावरून जाणारा प्रत्येकजण मला एकच विचारतो, तिथे खरंच बैलांच्या शिंगांना चांदी लावतात का? लावतात. मी हात लावून पाहिली. पण मी काही चांदी बघायला गेलो नव्हतो. मी पाच बाटल्या रम घेऊन गेलो होतो, आणि ती चांगली आहे हे समजावून सांगायला गेलो होतो. चांगली रम म्हणजे काय हे मला समजतं, असं तेव्हा माझं पक्कं मत होतं.

आधी माझा धंदा सांगतो, म्हणजे पुढचं नीट कळेल. आम्ही भंडारी. आजोबा आयुष्यभर माडावर चढले. मी मात्र जमिनीवरच राहिलो. मुंबईच्या कोटात एका पारशी शेठची विलायती दारूची वखार आहे, तिथे मी चाखणारा आहे. जहाजातून पिंप उतरलं की माझ्यापुढे येतं. चार थेंब तळहातावर घ्यायचे, दुसऱ्या तळव्याने चोळायचे, हात सुकू द्यायचा आणि मग हुंगायचा. दारू उडून गेल्यावर मागे जो वास राहतो तो त्या पिंपाचा खरा स्वभाव. चांगली रम असेल तर काकवीचा, भाजलेल्या उसाचा वास राहतो. वाईट असेल तर ओल्या दोरखंडाचा. रंगावर जाऊ नये, जळकी साखर घालून कोवळ्या रमलासुद्धा म्हातारी करता येते. हुंगून झालं की एक घोट तोंडात घ्यायचा, जिभेवरून फिरवायचा आणि पिकदाणीत थुंकायचा.

थुंकायचा, हे नीट ध्यानात ठेवा. वीस वर्षांत मी एक घोट गिळला नव्हता. गिळणाऱ्याची जीभ दोन वर्षांत बोथट होते, मग त्याला कोण ठेवतो? कधी नमुन्याची बाटली घरी आणली तर बायको न सांगता पिकदाणी माझ्या उजव्या हाताला आणून ठेवायची. आमच्या घरात रम आली ती अशी, तोंडापर्यंत येऊन परत जाणारी.

वडीलही हेच काम करत. त्यांच्यावर त्यांच्या मालकाने आळ घेतला की पिंपात नारळाची दारू मिसळली. त्यांनी मिसळली नव्हती, पण काम गेलं ते गेलंच. मी या धंद्यात पडलो त्या दिवशी त्यांनी मला देवापुढच्या नारळावर हात ठेवायला लावून दोन गोष्टी वदवून घेतल्या. मी मिसळणार नाही. आणि मिसळलेलं दिसलं तर लपवणार नाही.

त्या दिवसांत अमेरिकेत लढाई जुंपली होती, तिकडचा कापूस बंद पडला होता आणि विलायतेतल्या गिरण्या वऱ्हाडाकडे डोळे लावून बसल्या होत्या. वऱ्हाडातून मुंबईला काय काय मागण्या येत ते ऐकून आम्ही हसत असू. कोणी लोलकांचं झुंबर मागवी, कोणी वाजणारं घड्याळ. फाल्गुनाच्या सुरुवातीला बार्शीटाकळीजवळच्या एका गावाहून किसन पाटलाची चिठ्ठी आली. चांगल्यातली चांगली रम पाठवावी, आणि ती चांगली आहे हे सांगणारा माणूसही सोबत पाठवावा. शेठ खूप हसले आणि त्यांनी मला पाठवलं.

आकोला

लोहमार्ग जिथवर झाला होता तिथवर आगगाडीने गेलो आणि पुढे गाडीवाटेने. त्या धुळीचं वर्णन करत नाही, ज्याला हवी त्याने स्वतः जाऊन खावी. आकोल्याचं मात्र सांगितलंच पाहिजे.

मी समुद्राकाठचा माणूस. एकाच जातीची वस्तू नजर पोचेल तिथवर पसरलेली मी फक्त पाण्याच्या रूपात पाहिली होती. आकोल्याला ती कापसाच्या रूपात पाहिली. बाजाराच्या मैदानात गाडीला गाडी लागलेली, प्रत्येकीवर दोन पुरुष उंचीचा ढीग. बोरींच्या काट्यांवर कापूस, घरांच्या कौलांवर कापूस, भजी तळणाऱ्याच्या कढईतसुद्धा कापूस. वाऱ्याची झुळूक आली की सगळा बाजार क्षणभर पांढरा व्हायचा आणि माणसं डोळे मिटून, बोलणं न थांबवता, भाव करत राहायची. मी गाठोडं उराशी धरून उभा राहिलो. इतकी संपत्ती वाऱ्यावर उडते आहे आणि ती उचलायला कोणी वाकत नाही, हे मी जन्मात पाहिलं नव्हतं.

"मुंबईवाले तुमीच का?" मागून आवाज आला. वळून पाहिलं तर उंच, काळासावळा, पन्नाशीच्या आतला माणूस. डोईला भलं मोठं लाल पागोटं, अंगरखा रेशमी आणि पाय अनवाणी. हाच किसन पाटील.

"हो," मी म्हटलं.

"मंग उभे काहून राहिले? चला. दादा वाट पाहून राह्यले."

आमच्याकडे पाहुण्याला आधी प्रवास कसा झाला म्हणून विचारतात. इथे तसलं काही नाही. पहिले दोन दिवस मला वाटलं, हा माणूस माझ्यावर रागावला आहे. मग कळलं की वऱ्हाडात प्रेमसुद्धा याच आवाजात करतात.

काळी माती

पाटलाच्या दमणीला जोडलेल्या बैलांच्या शिंगांवर चांदीच्या शेंब्या होत्या. दोन्ही बाजूंना काळी जमीन. आमची कोकणची लाल माती पायाला लागते आणि झटकली की जाते. ही माती तशी नाही. उन्हाने तिला हात जाईल एवढ्या भेगा पडल्या होत्या. पाटील म्हणाला, तिला खत नको, पाणी नको, नुसतं बी दाखवलं पुरे. मी खाली उतरून एक ढेकूळ उचललं आणि सवयीने हुंगलं. पाटील मोठ्याने हसला.

त्याच्या शेताच्या बांधावर, तिकडे त्याला धुरा म्हणतात, एक रुंद खोड उरलं होतं, बसायला चौरंगाएवढं. थोडं पुढे दुसरं. तिसरं झाड अजून उभं होतं, पण त्याच्या बुंध्यावर कुऱ्हाडीची खूण केलेली होती.

"मोहाचे झाडं होते," पाटील म्हणाला. "झाडाच्या सावलीत कापूस येत नाही. दोन पाडले. हे राह्यलं हाय, यालेबी पाडतो उन्हाया निघाल्यावर. कापसाचे चार तासं, चार रांगा अजून निघतीन."

त्याने ते इतक्या सहज सांगितलं की मीही मान डोलावली. त्या वर्षी वऱ्हाडात कोणाला झाड दिसत नव्हतं, झाडाखालची जागा दिसत होती.

ओसरीवरच्या पाच सकाळी

पाटलाचे दादा म्हणजे सुभेदार उकंडराव. आईची आधीची मुलं जगली नाहीत, म्हणून याला जन्मताच उकिरड्यावर लोळवून घरात घेतलं आणि तेच नाव ठेवलं. सोळाव्या वर्षी घरातून पळून ते परतवाड्याच्या छावणीत शिपाई झाले, सुभेदार होऊन बाहेर पडले. लग्न केलं नाही. आता सत्तरीच्या पुढे, ओसरीवर बाजेवर पडून होते. अन्न तुटलं होतं. वैद्याने पंधरा-वीस दिवसांची बोली केली होती.

त्यांनी भावाजवळ एकच गोष्ट मागितली होती. छावणीत मोठ्या कूचानंतर साहेब प्रत्येकाला एकेक पेला रम देववीत असे. ती रम त्यांना मरणाआधी एकदा, आपल्या घरात बसून प्यायची होती.

"दादानं आजवर काही मागतलंच नाही कोनाले," पाटील मला म्हणाला. त्याचे डोळे भरले होते आणि ते लपवायची त्याला गरज वाटली नाही. "आता मागतलं. अन् माह्या जवळ पैसा हाय. मंग ते मले देता येऊ नये?"

पहिला दिवस माझ्या जिभेने बुडवला. पाटलीणबाईंनी ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी आणि मिरचीचा ठेचा वाढला. ठेचा मला चटणी वाटला. मी कोकणात चटणी घेतात तेवढा घेतला आणि त्यानंतर संध्याकाळपर्यंत मला गूळ आणि मीठ यांतला फरक कळत नव्हता. पाटलीणबाई दाराआडून म्हणाल्या, "बाप्पा! यायच्या जिभेवर भरोसा ठेवून मुंबईहून बलावलं?" सगळं घर हसलं. सुभेदारही हसले, आणि ते पुष्कळ दिवसांनी हसले असं मला नंतर कळलं.

दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी एक बाटली उघडायची असं ठरलं. सकाळची जीभ स्वच्छ असते. त्याआधी कांदा नाही, तंबाखू नाही. पितळेचं भांडं नाही, त्यात रम कळकते. मी पेलाही बरोबर नेला होता, पातळ काचेचा. पाटलीणबाईंनी तो घरात येऊ दिला नाही. ओसरीच्या भिंतीत एक कोनाडा मोकळा करून दिला, तिथून तो हलायचा नाही. दारूला एवढीच जागा, पण ती जागा त्यांनी सारवून दिली होती.

पहिली बाटली जमेका बेटाची, माझ्या मते शेठच्या वखारीतली राणी. सुभेदारांनी ती प्यायली ती पाहण्यासारखी. आधी पेला उजेडाकडे धरला, मग नाकाशी नेला, मग डोळे मिटून लहानसा घोट घेतला आणि बराच वेळ गिळला नाही. मी मनात म्हटलं, हा माणूस जाणकार आहे.

"चांगली हाय," ते म्हणाले. "पन ते नाही."

मग मिरिच बेटाच्या, साहेब ज्याला मॉरिशस म्हणतो त्याच्या, दोन बाटल्या. मग बंगालच्या दोन. प्रत्येक सकाळी तोच घोट, तीच सभ्य मान डोलावणी आणि "पन ते नाही." पाचव्या सकाळी त्यांनी पेला अर्धा ठेवला.

"कशी होती ती, सुभेदारसाहेब?" मी विचारलं. "जड होती? गोड होती?"

"आधी तुमच्या वानीच लागे. मंग मांगून एक वास ये. गोड, जरासा कुजका. तो वास आला का छाती मोकयी होये. घरापासून कोसावर कोस दूर असलो तरी वाटे, सारं ठीक हाय."

गोड आणि जरासा कुजका. माझ्या धंद्यात या दोन शब्दांना एकच नाव आहे, भेसळ. पण ते मी ओठांवर येऊ दिलं नाही. छावणीची रम हा त्या म्हाताऱ्याचा अभिमान होता. गावात कोणी मोहाची दारू प्यायला की ते म्हणत, जंगलचं पाणी, आम्ही सरकारी रम प्यालेली माणसं.

त्याच दुपारी पाटलाने दमणी जुंपायला सांगितली. अंगणात कापसाचे ढीग पडले होते, आकोल्याचा अडत्या निरोपावर निरोप पाठवत होता. "कापूस राहू द्या," पाटील म्हणाला, "परतवाड्याले जाऊ. त्या छावनीतच कोनाले तरी ठाऊक असन."

पूर्णेपलीकडे

तीन दिवसांची वाट. पूर्णा नदीच्या अलीकडे-पलीकडे पाणी इतकं खारट की पहिला घोट घेतला आणि मला माहीमची खाडी आठवली. समुद्र शेकडो मैल दूर आणि विहिरीत खारं पाणी! त्या भागातली माणसं तेच पितात आणि वर आमच्यासारख्यांना हसतात. अमरावतीकडे जाणाऱ्या कापसाच्या गाड्यांची रांग आम्हाला आडवी गेली. ती संपेपर्यंत बैल सोडून, भाकरी खाऊन, एक डुलकी काढून झाली.

वाटेत पाटील आपणहून बोलला. बापाच्या मागे सावकाराने शेत गिळलं होतं. दादाने छावणीतून पगार पाठवून ते सोडवलं, पुढचं घेतलं, धाकट्याचं लग्न केलं. "लोक मले कापसाचा राजा म्हनतात," तो म्हणाला. "सारा कापूस दादाचा हाय. म्या फक्त वेचला."

तिसऱ्या दिवशी समोर सातपुडा उभा राहिला. इतके दिवस सपाट काळी जमीन पाहून डोळ्यांना तिचीच सवय झाली होती. एकदम आकाशाला निळी भिंत लागलेली पाहून मी गाडीतच उभा राहिलो आणि पडता पडता वाचलो.

परतवाडा

छावणीत जुनं कोणी राहिलं नव्हतं. पण बाजारात एका पेन्शनर हवालदाराने सांगितलं, त्या काळी रमचा पुरवठा एका कलाराकडे, म्हणजे दारू गाळणाऱ्याकडे होता, तो मेला, त्याची सून आहे, राही नावाची, ती डोंगराच्या पायथ्याशी भट्टी चालवते.

राहीबाई साठीच्या असतील. केस पांढरे, हातावर गोंदण, बोलणं तोडून टाकणारं. पाटलाने सगळी हकीकत सांगितली. त्यांनी ती ऐकली आणि मला म्हणाल्या, "तुमी चाखनारे ना? उद्या पहाटे या. आज तुमच्या नाकात रस्त्याची धूळ हाय."

दुसऱ्या पहाटे त्या आम्हाला मोहाच्या बनात घेऊन गेल्या. झाडांखालची जमीन झाडून स्वच्छ केलेली. अजून उजाडायचं होतं. झाडांवर पान नव्हतं म्हटलं तरी चालेल. आणि मग फुलं पडायला लागली. वारा नाही, कोणी फांदी हलवत नाही, तरी टप, टप, टप. फिकट, रसाने भरलेली फुलं, जाड मण्यांसारखी. पाहता पाहता जमीन दिसेनाशी झाली. डोंगरातल्या कोरकू जमातीच्या बाया टोपल्या घेऊन आल्या आणि न बोलता वेचू लागल्या. मी वीस वर्षं दारूत काढली, पण दारू जिथून येते ती जागा कधी पाहिली नव्हती. ती अशी आपणहून, रोज पहाटे, आकाशातून खाली येते हे पाहून माझ्या अंगावर काटा आला. एक फूल उचलून मी तोंडात टाकलं. गोड. आणि जरासं कुजकं.

मी राहीबाईंकडे पाहिलं. त्या माझ्याकडेच पाहत होत्या.

"समजलं का?" त्या म्हणाल्या.

"तुमचे सासरे रममध्ये मोहाची घालत होते."

"घालत होते म्हनजे? मुंबईहून पिंप निंघे, बैलगाडीनं इथवर येता येता उन्हानं आटे, गाडीवाले पीत, पिंपाचा तिसरा वाटा रिकामा होये. साहेबाले तं भरलेलं पायजे. मामाजी आपली पहिल्या धारेची वतत अन् चार महिने पिंप सावलीत ठेवत. साहेब चाखे अन् म्हने, ह्या बारीचा माल लय चांगला!" त्या हसल्या नाहीत. "मामाजी चोर नवते. पानी घातलं असतं तं चोर म्हना. त्यायनं आपलं सर्वांत चांगलं घातलं."

घरी आल्यावर त्यांनी कोपऱ्यातून एक लहानसं लाकडी पिंप पुढे ओढलं. छावणीच्या शेवटच्या पिंपांपैकी एक. त्यात सासऱ्यांच्या हातची मोहाची सात-आठ वर्षं पडून होती. चार थेंब माझ्या तळव्यावर दिले. मी चोळले, सुकू दिले, हुंगले.

मोहाची दारू म्हणजे घाण, असं मी ऐकत आणि सांगत आलो होतो. त्या तळव्यावर काय होतं ते कसं सांगू? ती पहाट होती. झाडाचं लाकूड होतं, तळाशी जुन्या रमची काकवी होती, आणि सगळ्यावर ते फूल. माझ्या शेठच्या वखारीतल्या राणीने तिच्या दारात उभं राहावं अशी ती होती. मला माझ्या वीस वर्षांची लाज वाटली.

राहीबाईंनी एक बुधला भरून दिला आणि मोल घेतलं नाही. "दोन वाटे तुमची, एक वाटा हे," त्या म्हणाल्या. "अन् सुभेदाराले सांगू नका. त्यायची सरकारी रम त्यायच्या जवळ राहू द्या."

एक वाटा

परतताना पाटीलही तेच म्हणत होता. "दादाले जंगलच्या पान्याचा राग हाय. तुमी बोलू नका. तुमच्या पाया पडतो."

मी तीन दिवस बोललो नाही. पाटलाला वाटलं मी कबूल आहे. मी वडिलांचा विचार करत होतो. न मिसळता त्यांच्यावर मिसळल्याचा आळ आला, आणि आता त्यांचा मुलगा बुधला मांडीवर घेऊन मिसळायला निघाला होता. गाडी आचका खाई तशी आतली दारू डचमळे आणि मी बुधल्याचं तोंड घट्ट दाबून धरी.

आम्ही सकाळी पोचलो तेव्हा सुभेदार होते, पण आवाज खोल गेला होता. मी विहिरीच्या काठावर बसलो. पाटलीणबाईंनी आपलं दळणाचं लहान माप घासून आणून दिलं. दारूसाठी त्यांनी स्वयंपाकघरातलं भांडं बाहेर काढलं, तेव्हा मला कळलं की वेळ किती थोडा आहे. जमेकाच्या बाटलीतले दोन वाटे. बुधल्यातला एक. मिसळताना मी वडिलांना मनात म्हटलं, पहिली शपथ मोडतो आहे, बघा.

सुभेदारांना पाठीला तक्क्या देऊन बसवलं. पेला नाकाशी गेला आणि तिथेच थांबला. त्यांनी अजून प्यायली नव्हती, पण चेहरा बदलला. मग घोट घेतला. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं.

"हेच," ते म्हणाले. "किसन, हेच ते."

पाटलाने त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. मी कोनाड्याकडे तोंड करून उभा राहिलो. तेवढ्यात सुभेदारांनी मला हाक मारली.

"मुंबईवाले. तुमी चाखनारे हाव. सांगा, यात काय हाय?"

पाटलाने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत विनवणीच होती. मला पाटलाची दया आली, त्या म्हाताऱ्याची त्याहून जास्त आली. पण माझ्याजवळ आता एकच शपथ उरली होती.

"दोन वाटे रम," मी म्हटलं, "आणि एक वाटा मोहाची. छावणीतसुद्धा हीच होती, सुभेदारसाहेब. पिंप कमी भरलं की कलार घालत होता. तुम्ही प्यालात ती सगळी अशीच."

सुभेदार पेल्यात पाहत राहिले. मला वाटलं, आता हा पेला भिंतीवर जातो.

"म्हनजे," ते हळूच म्हणाले, "धुऱ्यावरचा वास होता तो." मग थांबून म्हणाले, "बापानं मले त्या मोहाले बांधून मारलं होतं. त्याच दिवशी घरून पयलो. पहिल्या कूचात पाय फुटले, रडून राहिलो होतो, अन् साहेबानं हे देल्लं. मले वाटलं, सरकारचा प्रताप हाय." त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतात. ते हसत होते. "पन्नास वरसं साहेबाचं गुनगान केलं मी. अन् पीत होतो घरचं!"

हसू ओसरलं तसं ते म्हणाले, "मले तिथी न्या. मोहाखाली. बाकीचं तिथी पिईन."

पाटील उठला नाही. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता. "दादा," तो म्हणाला, "दोन म्या तोडले. कापसासाठी."

"अन् तिसरं?"

"हाय."

"मंग ऊठ ना."

बाजेला चौघांनी खांदा दिला. माणूस जिवंत असताना असं नेताना मी पहिल्यांदाच पाहिलं. कापूस वेचणाऱ्या बाया हातातलं काम टाकून मागून आल्या. ऊन कोवळं होतं आणि झाडाखाली पहाटेची फुलं अजून पडलेली होती. ती वेचायला त्या वर्षी कोणाला सवड झाली नव्हती. बाज खाली ठेवली. सुभेदारांनी हात लांब करून बुंध्यावरची कुऱ्हाडीची खूण चाचपली. पाटील खाली मान घालून उभा होता.

मग त्यांनी पेला अर्धा प्यायला आणि उरलेला माझ्यापुढे धरला. मी सवयीने घोट घेतला, तोंडात फिरवला आणि थुंकायला वळलो.

"थुंकू नका," सुभेदार म्हणाले. "हे तपासाची नाही. हे प्याची हाय."

मी गिळला. जिभेला सगळं ठाऊक होतं, पण छातीला काहीच ठाऊक नव्हतं. तो घोट घशातून खाली उतरला आणि मागून ते फूल आलं. मी त्या खोडावर बसलो, चौरंगाएवढ्या, आणि मला वडील आठवले. त्यांनी वर्षानुवर्षं दारू हाताळली आणि तीही बहुतेक अशीच थुंकली. मी सगळ्यांसमोर रडलो. वऱ्हाडात त्याचं कोणी काही मानलं नाही.

माहीम

सुभेदार त्यानंतर अकरा दिवस होते, असं पाटलाने कळवलं. रोज सकाळी अर्धा पेला, झाडाखाली. पुढे अमेरिकेतली लढाई संपली आणि कापसाचा भाव कोसळला. शिंगांच्या शेंब्या विकाव्या लागल्या असं पाटील लिहितो, आणि त्याच ओळीत लिहितो की झाड उभं आहे, यंदा फुलं पुष्कळ आली, वेचायला पाटलीण स्वतः जाते.

मी निघताना पाटलाने दादापुरती ठेवून बुधल्यातली थोडी शिशीत भरून माझ्या गाठोड्यात घातली होती. घरी येऊन मी तिच्यात रम मिसळली आणि बाटलीवर चिठ्ठी डकवली. तिच्यावर लिहिलं आहे, भेसळ, माझ्या हातची. शेठना मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, दिवसा वखारीत थुंकत जा, घरी काय करतोस ते मला विचारू नकोस.

मी परत आलो त्यानंतरच्या पहिल्या शनिवारी संध्याकाळी पडवीत बसलो. बायकोने भाजलेले सुके बोंबील आणून ठेवले, काचेचा पेला ठेवला. मग रोजच्यासारखी पिकदाणी माझ्या उजव्या हाताला ठेवली.

"नको," मी म्हटलं.

तिने माझ्याकडे पाहिलं, बाटलीकडे पाहिलं. पिकदाणी उचलून आत ठेवली, बाहेर आली आणि माझ्या शेजारी बसली.

"वास कसला येतो?" तिने विचारलं.

मी पेला तिच्या हातात दिला.